अमेरिकेतली तातडीची सूट (कलम १८) आणि खास स्थानिक गरजेची नोंदणी (कलम २४ सी): कोणती, कधी आणि अर्ज कुठे अडतो

तिफण

लेबल क्लेम, म्हणजे औषधाच्या लेबलवर त्या पिकाची-किडीची नोंद, नसेल तर फवारायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नवी कीड शेतात शिरली, लेबलवरची औषधं चालेनात आणि चालणाऱ्या औषधाच्या लेबलवर आपलं पीक नाही, मग काय करायचं? अमेरिकेच्या कीटकनाशक कायद्यात, म्हणजे फिफ्रामध्ये, याची सोय आहे. तिथे पीक सल्लागार, विद्यापीठाच्या विस्तार विभागात किंवा राज्याच्या कृषी खात्यात काम करणारे बरेच मराठी लोक आहेत. इथे भारतात नोंदणीचं काम पाहणाऱ्यांनाही हा विषय समजून घ्यायचा असतो. म्हणून स्वतंत्र धागा.

आधी पाया. फिफ्रा १९४७ चा, पण आजचं रूप मुख्यतः १९७२ च्या दुरुस्तीतून आलं. नेहमीची नोंदणी कलम ३ खाली होते. त्याबाहेरच्या दोन वाटा:

कलम १८ म्हणजे नोंदणी नव्हे, कायद्यातून तात्पुरती सूट. ती ईपीए, म्हणजे तिथली केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था, देते आणि फक्त राज्याच्या किंवा केंद्राच्या सरकारी यंत्रणेला देते. शेतकरी, उत्पादक संघ किंवा कंपनी स्वतः अर्ज करू शकत नाही. माहिती गोळा करून राज्याच्या कृषी खात्याकडे देणं, एवढंच त्यांच्या हातात.

कलम २४(सी) ही मात्र खरी नोंदणी आहे आणि ती राज्य देतं. आधीच केंद्रात नोंदलेल्या औषधाला त्या राज्यापुरता जादा वापर जोडला जातो.

दोन्हींची गल्लत झाली की महिना-दीड महिना वाया जातो, आणि हंगाम तोवर थांबत नाही.

लेबलवाचक

तिफण, या दोन्हींच्या आधी एक पायरी आहे, तीही इथे असू दे. कलम २(ईई). पीक लेबलवर आहे पण कीड नाही, तर सूटही लागत नाही आणि नवी नोंदणीही नाही. लेबलने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर त्या पिकावर लेबलवर नसलेल्या किडीसाठी वापर चालतो. लेबलपेक्षा कमी मात्राही चालते. जास्त मात्रा, जास्त वेळा फवारणी, काढणीआधीचे दिवस कमी करणं, यातलं काहीच चालत नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात २(ईई) शिफारशीलाही राज्याची मान्यता लागते, तेव्हा राज्याचा नियम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझा क्रम असा. पीक लेबलवर आहे का? असेल तर २(ईई) पाहा. नसेल तर दुसरा प्रश्न, त्या पिकात त्या औषधाच्या अवशेषांची मर्यादा, म्हणजे टॉलरन्स, ठरलेली आहे का? असेल तर २४(सी) चा विचार. टॉलरन्सच नसेल आणि पीक खाण्याचं असेल तर २४(सी) चा रस्ता बंद. उरतं ते कलम १८.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाईल उघडण्याआधीच शोधा. केंद्रीय नियमावलीच्या ४० व्या खंडात भाग १८० आहे, त्यात औषधानुसार पिकांची यादी मिळते. पीकगटाचं नावही तपासा. आपलं पीक वेगळं लिहिलेलं नसतं, पण गटात बसलेलं असतं.

सुगी

कलम १८ मध्ये 'तातडी' कशाला म्हणायचं? भाव पडला, उत्पन्न घटलं, हीसुद्धा शेतकऱ्यासाठी तातडीच असते.

तिफण

सुगीताई, अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडतात. नियम त्याच ४० व्या खंडाच्या भाग १६६ मध्ये आहेत. परिस्थिती तातडीची आणि नेहमीपेक्षा वेगळी हवी. नोंदलेलं प्रभावी औषध उपलब्ध नसावं. परवडणारी दुसरी पद्धतही नसावी. आणि त्यातून नवी कीड शिरणं, माणसाच्या आरोग्याला किंवा पर्यावरणाला मोठा धोका, किंवा मोठं आर्थिक नुकसान, यांपैकी काहीतरी होत असावं. भाव पडणं यात बसत नाही, कारण त्याचा किडीशी संबंध नाही. रोजचं औषध महाग झालं, हेही कारण चालत नाही.

सूट चार प्रकारची:

विशिष्ट सूट ही शेतीत सर्वांत जास्त मागितली जाते, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष.
क्वारंटाइन सूट, बाहेरून आलेल्या किडीला रोखण्यासाठी, ३ वर्षांपर्यंत.
सार्वजनिक आरोग्याची सूट, १ वर्ष.
आणीबाणीची सूट, तिला तिथे 'क्रायसिस' म्हणतात. ही राज्य स्वतः जाहीर करू शकतं, पण ईपीएला किमान ३६ तास आधी कळवावं लागतं. मुदत १५ दिवस. त्या १५ दिवसांत विशिष्ट सुटीचा रीतसर अर्ज दाखल केला तर ईपीएचा निर्णय येईपर्यंत वापर सुरू राहतो. अर्ज नसेल तर सोळाव्या दिवसाची फवारणी बेकायदा.

विशिष्ट सुटीवर ५० दिवसांत निर्णय द्यायचा, असा ईपीएचा प्रयत्न असतो. हे ५० दिवस अर्ज पूर्ण असेल तर मोजायचे. म्हणून पेरणीच्या तारखेपासून उलटं मोजून फाईल हिवाळ्यातच तयार करावी लागते.

काळी_कसदार

आर्थिक नुकसानाचे तीन टप्पे २००६ च्या नियमाने ठरवून दिलेत. उदाहरणासाठी सोपे आकडे धरतो, खरे नाहीत. ज्वारी एकरी ६० बुशेल (तिथलं धान्याचं माप), भाव बुशेलला ४ डॉलर, म्हणजे ढोबळ उत्पन्न २४० डॉलर. सगळा खर्च जाऊन निव्वळ ६० डॉलर.

टप्पा १: उत्पादन २० टक्के किंवा जास्त घटतंय. ६० चे ४८ बुशेल झाले की इथेच थांबायचं. पुढचा हिशेब मागत नाहीत.

टप्पा २: उत्पादनातली घट तेवढी नाही, पण आर्थिक नुकसान ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्के किंवा जास्त. ६० चे ५१ झाले, ९ बुशेलचे ३६ डॉलर गेले. शिवाय निम्म्याने चालणाऱ्या औषधाच्या जादा फवारण्यांचे १४ डॉलर. एकूण ५०, म्हणजे २०.८ टक्के. बसलं. प्रत घसरल्याचं नुकसानही इथेच धरतात. ताज्या विक्रीचं सफरचंद रसाला गेलं की वजन तेवढंच राहतं, पैसे जातात.

टप्पा ३: नुकसान निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के किंवा जास्त. ३ बुशेलचे १२ आणि जादा खर्चाचे २० मिळून ३२ डॉलर. ढोबळच्या मानाने १३.३ टक्केच, पण निव्वळ ६० पैकी ३२ म्हणजे ५३ टक्के. हेही बसलं.

चूक कुठे होते? लोक 'काहीच फवारलं नाही तर किती नुकसान' तो आकडा देतात. ईपीए विचारते की आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पर्याय वापरूनही किती नुकसान होतं. चाचणीत फक्त नवं औषध आणि बिनफवारणीचा प्लॉट असेल तर ती या कामाला अपुरी. नोंदलेल्या औषधांचे प्लॉट शेजारी हवेतच. आणि तुलना नेहमीच्या वर्षांशी होते, म्हणून साधारण मागच्या ५ वर्षांचं उत्पादन, भाव आणि खर्च जोडावा.

सुगी

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का? मात्रा, अटी, सगळं धरून.

तिफण

ज्वारीवरचा मावा घेऊ, तो आपल्या वाचकांना लगेच ओळखीचा वाटेल. आपल्या रब्बी ज्वारीवर चिकटा पडतो तो ज्या माव्यामुळे, त्याच कुळातला मावा २०१३ मध्ये टेक्सास, लुईझियाना, ओक्लाहोमा आणि मिसिसिपीत ज्वारीवर दिसला. नाव 'उसावरचा मावा', नुकसान ज्वारीचं. पानाच्या खालच्या बाजूला दाट थर, वरच्या बाजूला वरून ठिबकलेला गोड चिकट स्राव, त्यावर काळी बुरशी. काढणीच्या वेळी ही चिकट पानं कंबाईनमध्ये अडकतात आणि दाणे पाचोळ्याबरोबर मागून बाहेर पडतात. म्हणजे दाणा भरला तरी हातात येत नाही.

सल्फोक्साफ्लोर हे औषध त्यावर चाललं, पण ज्वारी लेबलवर नव्हती. राज्यांनी २०१४ पासून कलम १८ खाली सूट घेतली. ५० टक्के तीव्रतेच्या दाणेदार औषधाची मात्रा एकरी ०.७५ ते १.५ औंस, म्हणजे साधारण २१ ते ४२ ग्रॅम. वर्षात दोनच फवारण्या, एकूण ३ औंसांच्या वर नाही, दोन्हींत १४ दिवसांचं अंतर आणि काढणीआधी १४ दिवस बंद. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने मधमाश्यांच्या मुद्द्यावर या औषधाची मूळ नोंदणीच रद्द केली. पुढच्या सुटीत फुलोऱ्याच्या ३ दिवस आधीपासून दाणे धरेपर्यंत फवारणी नाही, अशी अट आली. २०१९ मध्ये ज्वारीसह कलम ३ ची नोंदणी झाली आणि सुटीची गरज संपली.

काळी_कसदार

याच उदाहरणावर प्रमाणाचा हिशेब दाखवतो, कारण अर्जात एकूण किती औषध लागेल हे लिहावं लागतं. १,००,००० एकर गुणिले २ फवारण्या गुणिले १.५ औंस बरोबर ३,००,००० औंस. १६ ने भागलं की १८,७५० पौंड औषध. त्यातला क्रियाशील घटक निम्मा, ९,३७५ पौंड. एका रकान्यात औषधाचं वजन आणि दुसऱ्यात घटकाचं लिहिलं की अवशेष आणि जोखमीचा सगळा हिशेब दुपटीने हुकतो आणि फाईल परत येते. प्रत्येक आकड्यापुढे 'औषध' की 'घटक' ते लिहाच.

एकर किती धरायचे हेही विचाराने ठरवा. राज्यातलं सगळं क्षेत्र टाकू नका, कीड जिथे आहे आणि पसरेल त्या काउंट्याच, म्हणजे तिथले जिल्हे. मोठा आकडा टाकला की जोखमीचा अंदाज वाढतो आणि अटी कडक होतात.

लेबलवाचक

फाईलमधला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे पर्यायांचा. नुसतं 'इतर औषधं चालत नाहीत' हे वाक्य कुणी मानत नाही. त्या पिकावर त्या किडीसाठी नोंदलेलं एकेक औषध घ्यायचं आणि कारण लिहायचं. या औषधाला कीड दाद देत नाही, हा चाचणीचा आकडा. त्या औषधाचा काढणीपूर्व काळ इतका लांब की कीड येते तेव्हा फवारताच येत नाही. तिसरं चालतं, पण मित्रकीटक मरतात आणि दोन आठवड्यांत मावा दुप्पट होऊन परत येतो. मग बिनरासायनिक पर्याय: सहनशील वाण, लवकर पेरणी, यांनीही का भागत नाही.

कंपनीचं पत्रही लागतं. त्यात या वापराला आपला पाठिंबा आहे आणि माल पुरवता येईल, हे हवं. पत्राविना फाईल पुढे सरकत नाही आणि कंपन्यांच्या कायदा विभागाकडून पत्र यायला वेळ लागतो. हे काम पहिल्या दिवशी सुरू करा.

रानवाट

अवशेषांबद्दल लिहितो. १९९६ च्या अन्न गुणवत्ता संरक्षण कायद्यानंतर खाण्याच्या पिकावर कलम १८ ची सूट दिली की ईपीएला मुदतीचा टॉलरन्सही ठरवावा लागतो. मुदत संपली तरी त्या काळात नियमानुसार फवारलेला माल बाजारात चालतो. त्यासाठी फवारणीच्या तारखेची नोंद शेतावर हवी.

पण हा टॉलरन्स अमेरिकेच्या हद्दीतच उपयोगाचा. माल जपान, युरोप किंवा कॅनडाला जाणार असेल तर तिथली मर्यादा वेगळी पाहावी लागते, आणि नव्या औषधाची तिथे मर्यादाच नसते. मग अगदी खालचा ठोक आकडा लागतो आणि कंटेनर अडतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा घोळ हाच होता, इथला वापर एक आणि तिथली मर्यादा दुसरी. निर्यातीचा बाग असेल तर देशातली सूट हाताशी असूनही ते औषध वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुगी

एक शंका मनातून जात नाही. दर वर्षी तीच सूट, त्याच किडीला. मग ती 'नेहमीपेक्षा वेगळी' कशी राहिली?

तिफण

शंका रास्त आहे आणि हीच या कलमाची सगळ्यात दुखरी जागा आहे. फ्लोरिडाची संत्री पाहा. सिट्रस ग्रीनिंग हा संत्र्याच्या झाडांचा रोग तिथे २००५ मध्ये सापडला. २०१६ मध्ये राज्याने स्ट्रेप्टोमायसिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांसाठी आणीबाणीची सूट जाहीर केली, म्हणजे रोग येऊन ११ वर्षं झाल्यावर. बागा मरत होत्या, हे खरं. पण माणसाच्या आजारात लागणारी औषधं उघड्या बागेत, हा आक्षेपही तितकाच खरा. पुढे स्ट्रेप्टोमायसिनला जानेवारी २०२१ मध्ये संत्रावर्गीय पिकांसाठी नोंदणी मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली.

२००६ च्या नियमाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पूर्ण अर्जाऐवजी 'परिस्थिती तशीच आहे' असं पुनर्प्रमाणन करून भागवायची सोय केली. कामाचा बोजा कमी झाला हे चांगलं, पण त्याच सोयीमुळे नवीन पाहणी न करता जुनाच आकडा पुढे ढकलला जातो. २०१८ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षक कार्यालयाने, या सुटींचा आरोग्यावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो हे मोजायची पद्धत नाही, असा ठपका ठेवला.

माझं म्हणणं, तिसऱ्या वर्षापर्यंत कंपनीने कलम ३ चा अर्ज टाकलेला नसेल तर राज्याने सूट मागूच नये. सूट म्हणजे पूल. पलीकडे रस्ता बांधला जात असेल तरच तो घालावा.

लेबलवाचक

उलट बाजूचं चांगलं उदाहरणही सांगायला हवं. सोयाबीनचा तांबेरा. दक्षिण अमेरिकेत तो पसरत होता आणि अमेरिकेत येणार हे उघड होतं. मिनेसोटा आणि साउथ डकोटा यांनी पुढाकार घेऊन बुरशीनाशकांसाठी कलम १८ चे अर्ज तो यायच्या आधीच केले, बाकीची राज्यं त्यांच्या मागे गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये लुईझियानात तांबेरा सापडला तेव्हा कागद तयार होते. सांगली-कोल्हापूरकडे तांबेऱ्याने पानं कशी झडतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना दहा दिवसांच्या उशिराची किंमत कळेल. आपल्याकडे फुले संगमसारख्या सहनशील वाणाने बरंच सांभाळलं. तिथे तेव्हा तसा वाण हाताशी नव्हता.

रानवाट

आता २४(सी). टॉलरन्स हवा, हे वर आलंच. राज्याने नोंदणी दिल्यावर १० कामाच्या दिवसांत ईपीएला कळवायचं. ईपीएला ती नामंजूर करायला ९० दिवस असतात, पण वापर त्याआधीच सुरू होऊ शकतो. म्हणून ही वाट वेगवान. ईपीएने नाकारलेला, निलंबित किंवा रद्द केलेला वापर मात्र राज्याला यातून परत आणता येत नाही.

अर्ज बहुतेक वेळा कंपनी करते. उत्पादक संघही करू शकतो, पण कंपनीचं संमतीपत्र हवं. क्रमांकाची रचना अशी: एसएलएन (खास स्थानिक गरज, याचं इंग्रजी लघुरूप), मग राज्याची दोन अक्षरं, वर्षाचे दोन आकडे आणि चार आकडी क्रम. त्या क्रमांकाचं पुरवणी लेबल फवारणीच्या वेळी फवारणाऱ्याजवळ असलंच पाहिजे. गाडीत ठेवलेलं मूळ लेबल पुरेसं नाही, दोन्ही हवीत, आणि दोन्हींत फरक असेल तिथे सोडून बाकी सगळ्या अटी मूळ लेबलच्याच लागू. राज्याची हद्द ओलांडली की ते लेबल संपलं. सीमेवरच्या शेतात हे हमखास विसरलं जातं.

सुंदर उपयोग बीजोत्पादनात दिसतो. ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो इथे काही बियाण्याची पिकं राज्याने 'खाण्याची नाहीत' अशी ठरवली आहेत. म्हणून टॉलरन्सशिवाय २४(सी) देता येतं. अट कडक: त्या शेतातलं बी, चाळणीखालचा माल, कडबा, फुटवा, काहीच माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाता कामा नये. जालन्याकडे बियाणं पिकवणाऱ्यांना कल्पना येईल की नापास झालेला लॉट बाजारात वळवायचा मोह किती असतो. ती वाट बंद ठेवता येत नसेल तर ही सवलत मागू नये.

सुगी

आपल्याकडे राज्याला असे अधिकार आहेत का? २०१८ मध्ये लष्करी अळी आली तेव्हा कसं केलं?

काळी_कसदार

नाहीत. कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी केंद्राचीच, फरिदाबादच्या नोंदणी समितीची. कलम ९(३ब) ची तात्पुरती नोंदणी आहे, पण ती देशात पहिल्यांदाच येणाऱ्या औषधासाठी. जुन्या औषधाला नवीन पीक जोडायला तिचा उपयोग नाही. राज्य कलम २७ खाली ठरावीक दिवसांपुरती बंदी घालू शकतं. म्हणजे राज्याला थांबवता येतं, वाढवून देता येत नाही.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्याला सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. तेव्हा केंद्राने क्लोरॅंट्रानिलिप्रोल, इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम अशा औषधांना तदर्थ शिफारस दिली. ड्रोनचंही तसंच, एप्रिल २०२२ मध्ये नोंदलेल्या ४७७ औषधांना २ वर्षांसाठी हंगामी मान्यता. निर्णय बरोबर होते. पण अर्ज कुणी करायचा, नुकसान कसं मोजायचं, किती दिवसांत उत्तर यायचं, याची लिखित चौकट हवी. विद्यापीठाची शिफारस एक आणि लेबल क्लेम दुसरा, या कात्रीत आपला शेतकरी दर हंगामात सापडतो.

सुगी

शेवटचं विचारते. सुटीखाली घेतलेलं औषध उरलं तर?

लेबलवाचक

मुदत संपल्यावर त्या पिकावर थेंबभरही नाही, टाकीत तयार केलेलं द्रावण असलं तरी. डबा बंद असेल आणि ते औषध दुसऱ्या पिकावर कलम ३ खाली नोंदलेलं असेल तर त्या पिकावर मूळ लेबलप्रमाणे वापरता येतं. कुठेच नोंदणी नसेल तर कंपनीला परत, किंवा राज्य सांगेल तशी विल्हेवाट.

राज्याचं काम तेव्हाही संपत नाही. विशिष्ट सुटीचा अंतिम अहवाल मुदत संपल्यापासून ६ महिन्यांत द्यायचा असतो: किती एकर, किती औषध, गुण किती आला, काही अपाय झाला का. मासे, मधमाश्या किंवा माणसावर अनपेक्षित परिणाम दिसला तर अहवालाची वाट न पाहता लगेच कळवायचं. म्हणून खरेदीची पावती, फवारलेले एकर आणि तारीख ही तीन कागदं शेतकऱ्याने राज्याकडे हंगाम संपताच पाठवावीत. पुढच्या वर्षीचा अर्ज याच आकड्यांवर उभा राहतो.